होटगी रोडला मजला चढवायचाय, विमानतळाची उंचीची अट नेमकी लागते कशी?

होटगीनाका

मंडळी, विषय घरचाच आहे पण इथं सोलापूरची बरीच जनता आहे म्हणून धागा काढतोय. आमच्या दाजींचं मजरेवाडीकडं घर आहे, खाली दुकान वर राहायला, आता पोरं मोठी झाली, एकाचं लग्न ठरलंय म्हणून वर अजून दोन मजले चढवायचं चाललंय. इंजिनियर म्हणतो करून टाकू परवानगीचं नंतर बघू. शेजारचे काका म्हणतात विमान सुरू झालंय, आता एक वीट चढवू देणार नाहीत. तिसरा एक एजंट आहे, तो म्हणतो ती अट फक्त सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीला होती, चिमणी पडली विषय संपला. तिघांपैकी खरं कोण बोलतंय?

शिवाय त्याच एजंटनं दाजींना धावपट्टीच्या टोकाकडचा एक गुंठेवारीचा प्लॉट पण दाखवलाय. भाव आजूबाजूपेक्षा बराच कमी. कमी का असं विचारलं की लगेच चहा मागवतो आणि क्रिकेटवर बोलायला लागतो.

ऑनलाइन शोधलं तर सगळं मुंबईच्या टॉवरांबद्दल सापडतं. आपल्यासारख्या छोट्या विमानतळाला पण तेच नियम असतात का?


शेंगाचटणी

काय बे, भाव कमी सांगतोय म्हणजे विमान गच्चीवरनंच जात असणार की. वाळवणावर चाकं उमटतील.

बाकी धागा चांगलाय, जाणकारांनी लिहा. आमचं पण जुळे सोलापूरला आहे घर, ऐकून घेतो.


नकाशावाला

आर्किटेक्टकडं कामाला आहे, एनओसीच्या फायली रोज हातात असतात म्हणून लिहितो. तिघंही अर्धंच बोलतायत.

पहिलं म्हणजे ही अट मनपाची नाहीच, केंद्राची आहे. ३० सप्टेंबर २०१५ ला नागरी विमान वाहतूक मंत्रालयानं उंचीच्या निर्बंधांचे नियम काढले, जीएसआर ७५१ म्हणतात त्याला, आणि ते मुंबई काय सोलापूर काय जळगाव काय सगळीकडं एकच. त्याच्या आधी २०१० ची अधिसूचना होती, म्हणजे एकदम नवीन पण काही नाही. विमानतळाच्या मध्यबिंदूपासून, आम्ही एआरपी म्हणतो, २० किमीपर्यंत हा विषय लागतो. २० किमी ऐकून घाबरू नका, याचा अर्थ २० किमीत बांधता येत नाही असा नाही, याचा अर्थ तेवढ्या टापूत प्रत्येक जागेला वरची एक मर्यादा ठरलेली आहे एवढाच. बहुतेक जागांची मर्यादा घरवाल्याला लागतच नाही इतकी वर असते.

दुसरं, दरवेळी दिल्ली-मुंबईला अर्ज करत बसायला नको म्हणून एअरपोर्ट अथॉरिटी विमानतळाचा रंगीत नकाशा करते, सीसीझेडएम. त्यात चौकोन चौकोन रंगवलेले असतात आणि प्रत्येक रंगाला एक उंची. तुमचं बांधकाम त्या उंचीच्या खाली असेल तर मनपा स्वतःच परवानगी देऊ शकते, अथॉरिटीची वेगळी एनओसी लागत नाही. त्यापेक्षा वर जायचं असेल तर एनओसी. आणि लाल चौकोनात असाल तर एक मजला असो नाहीतर दहा, एनओसी लागतेच. धावपट्टीच्या जवळचा भाग आणि दोन्ही टोकांकडची पट्टी साधारण लालमध्ये जाते. तर दाजींचं घर कुठल्या रंगात येतं ते आधी बघा, इंजिनियरनं ते न बघता 'नंतर बघू' म्हटलं असेल तर इंजिनियर बदला.


होटगीनाका

@नकाशावाला धन्यवाद दादा. म्हणजे समजा नकाशात ५२५ लिहिलंय तर काय ५२५ मीटर बांधता येतं? असं कसं? एका मित्रानं स्क्रीनशॉट पाठवला त्यात असेच मोठे आकडे होते, मला वाटलं फुटात असतील.


नकाशावाला

नाही हो, इथंच तर निम्मे लोक अडकतात. ती उंची जमिनीपासून नसते, समुद्रसपाटीपासून असते. सोलापूरचा विमानतळच समुद्रसपाटीपासून साधारण ४८० मीटरवर आहे. हिशोबाला ४८० धरा. त्यात वर ४५ मीटर घातले की ५२५, ही झाली मोकळ्या भागातली मर्यादा. आता तुमच्या प्लॉटची जमीन ४७२ वर असेल तर तुम्हाला वर ५३ मीटर मिळतात. पलीकडच्या चढावर कुणाचा प्लॉट ४९० वर असेल तर त्याला ३५ च. नकाशात दोघांचा चौकोन एकाच रंगाचा, पण एकाला सोळा मजले बसतील आणि दुसऱ्याला दहा. म्हणून शेजाऱ्यानं एवढं बांधलं मग मी का नाही हा वाद घालण्यात काही अर्थ नसतो.

त्यासाठी जागेची उंची आणि अक्षांश रेखांश मोजून घ्यावे लागतात, डब्ल्यूजीएस ८४ मध्ये, म्हणजे जीपीएसच्या मोजणी पद्धतीत, परवानाधारक सर्व्हेअरकडून. मोबाइलवर जी उंची दिसते ती धरू नका, तिच्यात पाच दहा मीटरचा घोळ सहज असतो. खोटी माहिती देऊन घेतलेली एनओसी रद्द होते हे एनओसीच्या पत्रातच लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही ही वेगळी गोष्ट.

आणि अजून एक. मर्यादा म्हणजे स्लॅबची उंची नाही. सगळ्यात वरचं टोक. पाण्याची टाकी, जिन्याची टोपी, लिफ्टची खोली, वीजवाहक सळई, डिश, सोलरचा स्टँड, सगळं आलं त्यात. बांधताना क्रेन लावली तर क्रेनचं टोक सुद्धा. स्लॅब बसला पण टाकी बाहेर गेली अशा फायली मी बघितल्यात, मग टाकी आडवी करा, जिन्याची टोपी कापा असली कसरत चालते.


फ्लाइटमोड

विमानांचा किडा असल्यामुळं राहवत नाही, थोडं आकाशातलं सांगतो. नियम भिंती मोजत नाही, विमानतळावर हवेत काही अदृश्य पृष्ठभाग कल्पिलेले असतात आणि तुमच्या बांधकामानं त्यांना भोक पाडायचं नाही, एवढंच. धावपट्टीवर ४५ मीटर वर एक मोठी परात ठेवलीय असं समजा. परातीचा तळ सपाट, साधारण ४ किमी त्रिज्येचा, मग काठ वर चढत जातात, दर शंभर मीटरला पाच मीटर, असे अजून २ किमी. तिथून पुढं १५ किमीपर्यंत १५० मीटरवर सपाट. हे आकडे मोठ्या धावपट्टीचे, लहान धावपट्टी असली किंवा इन्स्ट्रुमेंट लँडिंग, म्हणजे यंत्रांच्या मदतीनं उतरायची सोय नसली तर बदलतात, पण अंदाज यायला पुरेत.

खरी अडचण दोन टोकांना. विमान उतरताना नि चढताना ज्या बोळातून जातं तो बोळ, आपल्याकडं सगळे फनेल म्हणतात. तो धावपट्टीच्या टोकापासून ६० मीटर सोडून सुरू होतो आणि पहिले ३ किमी फक्त दोन टक्क्यानं चढतो. दोन टक्के म्हणजे किती कमी ते बघा: फनेल सुरू होतो तिथून ४०० मीटरवर ८ मीटर, एक किमीवर २० मीटर. होटगीनाका, तुमचा एजंटवाला प्लॉट जर खरंच टोकाकडं असेल आणि जमीन धावपट्टीपेक्षा तीन मीटर चढावर असेल तर ४०० मीटरवर तुम्हाला ५ मीटर उरतात. तळमजला आणि कठडा. टाकी जमिनीतच घ्यावी लागेल बहुतेक. भाव कमी का त्याचं उत्तर मिळालं का?

बाजूनं पण आहे. धावपट्टीला लागून दोन्ही अंगांना एक उतार असतो, सातास एक, म्हणजे सात मीटर लांब गेलं की एक मीटर वर. कुंपणाला चिकटून असलेल्यांना तो लागतो, मग सुटतो.

दाजींचं घर फनेलमध्ये नसेल आणि कुंपणाला खेटून नसेल तर तळमजला अधिक तीनला काही होत नाही, टाकीसकट सोळा सतरा मीटर जातील. पण हे मी सांगून उपयोग नाही, कागद पाहिजे.


शेंगाचटणी

@फ्लाइटमोड पण फनेल दोन टक्क्यांचाच का, पाच ठेवला असता तर निम्मी भांडणं मिटली असती की. विमान तर झपकन वर जातंय, मी बघितलंय.


फ्लाइटमोड

झपकन जातं ते सगळं ठीक असतं तेव्हा. हिशोब धरतात तो ऐन टेकऑफला एक इंजिन गेलं तर त्याचा. दोन इंजिनांचं भरलेलं विमान एका इंजिनवर जेमतेम चढतं, त्याच्या पोटाखाली जागा ठेवावी लागते. उन्हाळ्यात सोलापूरला बेचाळीस त्रेचाळीस डिग्री असते तेव्हा हवा पातळ होते, इंजिन अजून दमतं.

आणि अडथळा असला तर काय होतं ते पण सांगतो, कारण लोकांना वाटतं विमान वळवून नेतील. उतरायची रेघ पुढं सरकवतात. म्हणजे धावपट्टी २००० मीटरची असली तरी उतरायला त्यातली काहीशे मीटर वाया. मग मोठं विमान बसत नाही, नाहीतर बसतं पण प्रवासी कमी घ्यावे लागतात. कमी प्रवासी म्हटलं की कंपनीला परवडत नाही आणि मग विमानसेवा बंद. छोट्या गावात सेवा सुरू होऊन बंद का पडते याची कारणं शंभर असतात पण त्यातलं एक हे असतं आणि ते कुणाला दिसत नाही.


ऊसवाला_सभासद

इतका वेळ वाचत होतो. चिमणीचा विषय निघाला म्हणून लिहितो, नाहीतर त्यावर बोलणं आता सोडलंय.

सिद्धेश्वर कारखान्याचा मी सभासद, वडलांच्या वेळेपासूनचा शेअर. इथं शहरातली पोरं 'चिमणी पाडली, भारी झालं' म्हणून लिहितात. १५ जून २०२३ ला दुपारी ती ९० मीटरची चिमणी खाली आली तेव्हा मी तिथं नव्हतो, टीव्हीवर बघितली, आमच्या गावात त्या रात्री कित्येक घरी चूल पेटली नाही. ती काय नुसती वीटकाम नव्हती, कोजनरेशनची होती, बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर वीज तयार करून विकायची, त्याचा पैसा ऊसाच्या दरात येणार असं आमचं गणित होतं. चिमणी गेली की बॉयलर थांबला.

विमानतळ पाहिजे हे मला पण कळतं. माझा पोरगा बंगळूरला आहे. पण एवढी ९० मीटरची चिमणी काय एका रात्रीत उगवली का? पाया खणला तेव्हा, तीस मीटर झाली तेव्हा, साठ झाली तेव्हा, सगळ्या शहराला ती दिसत होती. तेव्हाच थांबवली असती तर कोट्यवधी वाचले असते आणि इतकी वर्षं कोर्ट कचेऱ्या, इकडं विमानवाल्यांचं चक्री उपोषण तिकडं आमचे मोर्चे, गावाचे दोन तट, हे झालंच नसतं. नियम होता तर तो चिमणी उभी राहायच्या आधी दिसायला पाहिजे होता.


नकाशावाला

@ऊसवाला_सभासद काका तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. कायद्याच्या बाजूनं चिमणी टिकणारी नव्हती, परवानगीशिवाय उभी होती आणि फनेलच्या वाटेत होती, पण कायदा शेवटच्या दिवशी जागा होतो हा रोग आहेच.

माझ्या मते चूक उंचीची नव्हती, जागेची होती. परातीचाच हिशोब लावा, ४५ मीटरचा तळ ४ किमीपर्यंत, मग दर शंभर मीटरला पाच, म्हणजे ९० मीटर गाठायला अजून नऊशे मीटर. ढोबळमानानं पाच किमीच्या पलीकडं सपाट जमिनीवर तीच चिमणी उभी राहिली असती आणि कुणी विचारलं नसतं. कारखाना आधीचा, विमानतळ पण जुना, दोघं शेजारी शेजारी वाढले आणि विकास आराखड्यात मात्र दोघांच्या मध्ये रेघ कुणी मारली नाही. १९९२ च्या हद्दवाढीनंतर हा सगळा पट्टा शहरात आला, आसरा, मजरेवाडी, नई जिंदगी, तेव्हाच फनेलखालची जमीन शेती नाहीतर गोदामं, मैदानं अशी राखून ठेवायला पाहिजे होती. नाही ठेवली, तिथं गुंठेवारी झाली.


होटगीनाका

काका, तुमचं पटलं. आमच्या घरात पण दोन तट होते, दाजी कारखान्याकडून आणि त्यांचा थोरला विमानाकडून. जेवताना विषय काढायचा नाही असं ताईनं सांगून ठेवलं होतं.


कॅलिफोर्नियातली_सोलापूरकर

माहेर सोलापूर, आता सॅन डिएगोकडं. इथं अगदी असाच किस्सा झालेला आहे म्हणून लिहिते. इथं माँटगोमेरी फील्ड म्हणून छोटा विमानतळ आहे, आपल्या होटगी रोडसारखाच शहराच्या पोटात आलेला. त्याच्याजवळ सनरोड नावाच्या बिल्डरनं १८० फुटी ऑफिसची इमारत उभी केली. एफएए, म्हणजे आपल्या डीजीसीएसारखं इथलं विमान वाहतुकीवर देखरेख करणारं खातं, म्हणालं १६० फुटांच्या वर विमानांना धोका आहे. बिल्डर म्हणाला शहराची परवानगी आहे. बरीच कोर्टबाजी झाली, राजकारण झालं, शेवटी २००७ मध्ये वरचा भाग उतरवून १६० फुटांवर आणली.

गंमत म्हणजे इथं एफएएला इमारत थांबवायचा अधिकारच नाही. मोठ्या धावपट्टीपासून २०,००० फुटांच्या आत अमुक उताराच्या वर बांधायचं असेल तर ४५ दिवस आधी कळवायचं, मग ते अभ्यास करून सांगतात धोका आहे की नाही. थांबवायचं काम शहराच्या नाहीतर राज्याच्या झोनिंगचं. आपल्याकडं उलट, केंद्राचा नियम कडक आहे पण तो जमिनीवर लावणारं स्थानिक ऑफिस त्याला आपला मानत नाही. कागदावर आपला नियम जास्त दात असलेला आहे खरं तर.

इथली अजून एक गोष्ट मला आवडते. विमानतळाजवळ घर घेताना विक्रेत्यानं तसं लिहून द्यावं लागतं, हे घर विमानतळाच्या प्रभावक्षेत्रात आहे, आवाज, थरथर, वास येऊ शकतो वगैरे. कॅलिफोर्नियात कायद्यानंच आहे. तुमच्या एजंटला असला कागद द्यायला लावला असता तर क्रिकेटवर बोलायची वेळच आली नसती.


लोहगावचा_शेजारी

पुण्याहून. आवाजाचा मुद्दा बरोबर काढलात, आपल्याकडं सगळे फक्त उंचीवर भांडतात. आमच्याकडं लोहगावला हवाई दलाचा तळ, म्हणजे एनओसी एअरपोर्ट अथॉरिटी नाही तर हवाई दल देतं, गोव्यात दाबोळी नौदलाकडं, तिथली तऱ्हा वेगळी. विमाननगर, खराडी, वडगाव शेरीला फ्लॅट घेताना लोक ब्रोशरमध्ये 'विमानतळापासून दहा मिनिटं' वाचून खूश होतात आणि राहायला आल्यावर सुखोईचा सराव सुरू झाला की सोसायटीच्या ग्रुपवर बोंब.

२०१८ मध्ये पर्यावरण मंत्रालयानं विमानतळ परिसरासाठी आवाजाची मानकं काढलीत. गर्दीच्या विमानतळांना दिवसा ७० रात्री ६५ डेसिबल, बाकीच्यांना दिवसा ६५ रात्री ६०. सोलापूर दुसऱ्यात. पण त्यावरून राहायचा झोन बदलला, शाळा-हॉस्पिटलला फनेलखाली परवानगी नाकारली असं आमच्या भागात तरी मी बघितलं नाही. तुमच्याकडं आत्ता दिवसाला मोजकी विमानं आहेत, २०२५ च्या जूनमध्ये गोवा सुरू झालं, ऑक्टोबरमध्ये मुंबई, अजून वाढतील. प्लॉट घेताना आजच्या आवाजावर घेऊ नका.


शेंगाचटणी

आमच्या आण्णांचा प्रश्न आहे, ते इथं लिहीत नाहीत, मला लिहायला लावलंय. संक्रांतीला पतंग उडवायचे का नाही? गड्ड्याच्या जत्रेला होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं त्याचं काय? आणि विमानतळाजवळ चिकनची दुकानं बंद करणार म्हणून कुणीतरी अफवा सोडलीय.


फ्लाइटमोड

अफवा अगदीच बिनबुडाची नाही. १९३७ च्या एअरक्राफ्ट रूल्समध्ये ९१ नंबरचा नियम आहे, विमानतळाच्या मध्यबिंदूपासून १० किमीत जनावरं कापणं, सोलणं, कचरा आणि सडकी घाण टाकणं याला बंदी. कारण घारी. घार इंजिनात गेली तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. दुकान बंद करा असं नाही म्हणत कुणी, पिसं आणि आतडी मागच्या नाल्यात टाकायची नाहीत, पण आपल्याकडं नेमकं तेच होतं. जमीनवापराचा खरा विषय हा आहे, कचरा डेपो कुठं, कत्तलखाना कुठं, उघडा नाला कुठं. चिमणी सगळ्यांना दिसते, उकिरडा दिसत नाही.

पतंगाचं म्हणाल तर फनेलखाली नको आणि दिवा लावलेले आकाशकंदील तर अजिबात नको. लग्नात ते आकाशात फिरणारे लेझर लावतात ना, पायलटच्या डोळ्यात गेलं तर सेकंदभर काही दिसत नाही त्याला, त्याला तर सरळ गुन्हा आहे. आण्णांना सांगा होम मैदान ते धावपट्टी बरंच अंतर आहे, दारूकामाची वेळ आणि विमानाची वेळ प्रशासन बघून घेतं.


ऊसवाला_सभासद

बोरामणीचं काय ते पण लिहा कुणीतरी. तिथं मोठा विमानतळ होणार म्हणून जमीन घेऊन ठेवलीय कधीची, मध्ये वनखात्याची जमीन आणि माळढोकाचा प्रश्न आला आणि अडकलं. आता होटगी रोडचं सुरू झाल्यावर बोरामणीचं नाव कुणी काढत नाही, पण एजंट लोक काढतात. माझ्या मेव्हण्याला बोरामणीच्या शेजारी 'एअरपोर्ट टच' म्हणून प्लॉट विकायला आले होते.


नकाशावाला

'एअरपोर्ट टच' हा शब्द ऐकला की मी हसतो. टच असणं हीच तर अडचण आहे. उद्या बोरामणी झालाच तर तिथं पण हेच सगळे पृष्ठभाग लागतील, २० किमी तिथून मोजतील. पनवेलकडं बघा, नवी मुंबईचा विमानतळ सुरू व्हायच्या कितीतरी आधी, २०१३ मध्येच नैना नावाचं प्रभावक्षेत्र जाहीर करून सिडकोला नियोजन प्राधिकरण केलं. त्यात पण शेतकऱ्यांच्या तक्रारी आहेत, निम्मी जमीन द्या, इतकी वर्षं अडकून पडा, खोटं नाही ते. पण निदान नकाशा आधी आला, विमान नंतर. सोलापुरात विमान आधी, वस्ती नंतर, नकाशा सगळ्यात शेवटी.

होटगीनाका, गुंठेवारीच्या प्लॉटबद्दल स्पष्ट सांगतो कारण एजंट तिथं गोड बोलेल. गुंठेवारी कायद्यात प्लॉट नियमित झाला म्हणजे जमिनीचा तुकडा आणि मनपाची बाजू नियमित झाली. विमानतळाची उंचीची अट त्यानं माफ होत नाही, ती केंद्राची आहे, मनपाला माफ करायचा अधिकारच नाही. शिवाय फनेलमध्ये आणि त्या सातास एकच्या उतारात अपील करून सुद्धा सूट मिळत नाही. परातीच्या तळात किंवा काठावर थोडं जास्त पाहिजे असेल तर एरोनॉटिकल स्टडी, म्हणजे विमानांना धोका होतो का याचा अभ्यास, करून घेता येतो, पैसे भरून, फनेलमध्ये तो मार्गच बंद.


होटगीनाका

आणि कुणी बांधलंच, परवानगी न घेता, तर पाडतात का खरंच? का नुसत्या नोटिसा?


नकाशावाला

मुंबईत जुलै २०२२ ला हायकोर्टानं विमानतळाजवळच्या ४८ इमारतींचे जास्तीचे मजले काढा म्हणून कलेक्टरला सांगितलं होतं. फ्लॅटवाल्यांना ताबा घेताना काहीच माहीत नव्हतं. बिल्डर मोकळा, लोक अडकले.

पाडायचे नियम १९९४ पासून आहेत. २०२५ च्या १२ जूनला अहमदाबादचा अपघात झाला, विमान मेडिकलच्या होस्टेलवर पडलं, त्यानंतर आठवड्याच्या आत मंत्रालयानं नव्या नियमांचा मसुदा काढला. तो अपघात इमारतीच्या उंचीमुळं झालेला नव्हता हे लक्षात घ्या, पण सरकार हललं त्यानं. त्यात नोटीस आली की मालकानं ६० दिवसांत नकाशा, उंची, कागद द्यायचे, नंतर पाडायचा किंवा छाटायचा हुकूम, न केल्यास कलेक्टर करणार. भरपाईची सोय आहे पण अधिसूचनेनंतर नियम मोडून बांधलेल्याला नाही. म्हणजे दाजींनी आज चढवलं तर भरपाई विसरायची.

हुकूम झाडांना पण लागतो हं. उंच निलगिरी, नारळ, सगळं. छाटायला सांगतात.


होटगीनाका

अपडेट देतो. सर्व्हेअर आणला होता. दाजींच्या जागेची उंची ४७४ आली, विमानतळापेक्षा खालीच. नकाशात चौकोन लाल नाही. नवीन दोन मजले आणि टाकी धरून सगळं मिळून १५ मीटरच्या आत बसतंय, म्हणजे ४८९, मर्यादेच्या पुष्कळ खाली. तरी कागद करून घ्यायचा ठरवलंय, इंजिनियरला सांगितलं आधी परवानगी मग स्लॅब. तो म्हणाला लग्नाच्या आधी होणार नाही मग. ताई म्हणाली पत्र्याची खोली घालू तोवर, सूनबाई काय उद्याच संसार थाटायला निघालीय का.

प्लॉटचं मात्र दाजींच्या मनातून जात नाही. सर्व्हेअरनं परतताना तिथं पण यंत्र लावलं, फनेलमध्ये आहे हे नक्की. दाजी म्हणतात घर नाही बांधत, ट्रॅक्टर दुरुस्तीचं शेड टाकतो, शेड कितीसं उंच असतं.


फ्लाइटमोड

शेडला पण एनओसी लागेल, लाल चौकोन आहे. मिळेल बहुतेक पाच सहा मीटरची. पण पत्रा चकाकणारा नको आणि वेल्डिंगचा उजेड वर दिसेल असा नको. भाव अजून पाडून मागा.


ऊसवाला_सभासद

शेडपेक्षा तिथं ऊस लावा म्हणावं. तीन-चार मीटरच्या वर सहसा जात नाही.


शेंगाचटणी

काका फॉर्मात.

@नकाशावाला एकच शेवटचं, आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मोबाइल टॉवरवाले मागतायत जागा, भाडं चांगलं देतो म्हणतात. जुळे सोलापूर, धावपट्टीपासून तीनेक किमी असेल. त्याला पण हेच का?


नकाशावाला

हो, अगदी हेच. इमारतीची एनओसी असली तरी टॉवरची वेगळी काढावी लागते, कारण सगळ्यात वरचं टोक बदलतं. कंपनीला सांगा एनओसी तुमच्या नावावर काढा आणि करार करताना ती जोडा, लाल पांढरा रंग आणि वरचा दिवा कोण सांभाळणार ते पण लिहून घ्या. दिवा बंद पडला की नोटीस सोसायटीला येते, कंपनीला नाही. आणि एनओसीची मुदत ८ वर्षं असते, तारीख फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.